निळ्या दगडापाशी एक सोमवार

“जागा घेशीन तं घाई नोको करजो, प्रेमिला. एक दिवस उपास धरून तठी जाऊन बसजो. सूर्य निघल्यापासून दिवा लागेपर्यंत. कोन येते, कोन जाते, ढोरं कुठून उतरतात, पानी कुठं थांबते, सारं पायजो. तू काही इचारू नोको. जागाच सांगन.”

सुलोचनाबाईंना जाऊन तीन पावसाळे झाले होते. तरी त्यांचा आवाज सुनेच्या कानात अजून तसाच होता, शेजारच्या खोलीतून हाक मारावी तसा. त्यांनी स्वतः फुलचूरची घराची जागा अशीच घेतली होती. तांब्या आणि माळ घेऊन दिवसभर त्या माळावर बसल्या आणि संध्याकाळी उठून म्हणाल्या, “उगवतीचा कोपरा सोडा, बाकी घ्या.” पुढे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या घरात पाणी शिरलं, यांच्या उंबऱ्याला कधी ओल आली नाही.

म्हणून नवरा, चैतराम, नव्या जागेचे मोबाईलवरचे फोटो दाखवून “आता हो म्हन, बाई” म्हणाला, तेव्हा प्रेमिला हळूच म्हणाली, “सोमवारी मी तिथं बसून येईन. मग सांगीन.”

“अवो, जागा पाहाले मानूस दहा मिनिटं जाते. दिवसभर बसून का अंडे उबवतेस?”

“श्रावनात अंड्याचं नाव घेता?”

चैतरामने कानाला हात लावला.

जागेची नड मात्र खरी होती. प्रेमिलाची मुरमुऱ्याची भट्टी होती भाड्याच्या शेडमध्ये. शेडवाल्याच्या मुलांना तिथं दुकानांची लाइन काढायची होती, त्यामुळे दिवाळीपर्यंत जागा सोडायची असं ठरलं होतं. आणि मुरमुऱ्याची भट्टी काही खिशात घालून हिंडता येत नाही. धान उकडायचं, उन्हात वाळवायचं, भरडून आणायचं, मग तापलेल्या वाळूत टाकून फोडायचं. भट्टीला जागा थोडी लागते. वाळवणाला मैदान लागतं. गोंदियात मैदान राहिलं कुठं? जिथं होतं तिथं आता फ्लॅट आहेत. भट्टी बंद पडली तर चैतरामच्या टेम्पोत भरायला माल नाही, आणि प्रेमिलाच्या हाताला काम नाही. वीस वर्षं पहाटे तुळशीला पाणी घालून तिने पहिला घाणा टाकला होता. त्याशिवाय सकाळ कशी होते हे ती विसरूनच गेली होती.

अशात बंटी भेटला. जमिनीचे सौदे करून देणारा, गोंदियाचा, गॉगल डोक्यावर लावून बोलणारा. आमगाव-देवरी रस्त्यावर पिपरटोला नावाचं गाव, वाघ नदीच्या पुलाअलीकडे, रस्त्याला लागून कमर्शियल प्लॉट. “भैया, ऐसी जगह दुबारा नहीं मिलती. पुढे दुकान, मागे गोडाऊन, उसके पीछे नदी का नज़ारा!” चैतराम दोनदा जाऊन आला, पण चिखल होता म्हणून दोन्ही वेळा बंटीच्या गाडीतूनच बघून आला. बाकी सगळं फोटोत.

फोटो पाहताना प्रेमिलाला एकच गोष्ट खटकली होती.

“हा पोरगा सगळ्या फोटोत एकाच जागी काऊन उभा हाये?”

“हाईट समजावी म्हनून.”

“जागेची का त्याची?”

चैतरामने पुढचा फोटो सरकवला होता.

तर श्रावणातला तो सोमवार उजाडला. आता प्रेमिलाचं एक होतं. रोजचे नेम तर तिचे होतेच, पण श्रावणी सोमवारी अंघोळीपासून सांजदिव्यापर्यंत मौन. आणि मौन म्हणजे सुलोचनाबाईंनी घालून दिलेलं मौन. खुणा नाहीत, कागदावर लिहून दाखवणं नाही, मानसुद्धा हलवायची नाही. “हात हालवून बोलनं म्हंजे झाकून खानं,” असं त्या म्हणायच्या. हात जोडायला आणि हसायला तेवढी मुभा.

चैतरामने तिला टेम्पोतून रस्त्याच्या कडेला उतरवलं. “दिवा लावाच्या टायमाले येतो. मोबाईल ठेवतेस का जवळ? नाही ना? राहू दे. तसाबी उचलून का करशीन.” आणि तो आमगावकडे माल टाकायला निघून गेला.

जागा देखणी होती यात शंका नाही. रस्त्यापासून थोडी सपाट, मधोमध एक जुनं बोरीचं झाड, आणि बोरीपासून पुढे उतरत उतरत थेट नदीपर्यंत हिरवंगार मैदान. नदी दुधाळ चहाच्या रंगाची, भरलेली पण शांत. पलीकडच्या बांधीत धानाची रोपं लावायचा रोवणा चालला होता, बायांची गाणी पाण्यावरून येत होती. प्रेमिला बोर ओलांडून थोडी खाली गेली आणि थबकली. फोटोत बंटी जिथं कमरेवर हात ठेवून उभा असायचा, नेमक्या त्या जागी गुडघ्याएवढा दगड होता. दगडाचं डोकं निळ्या रंगाने रंगवलेलं.

असा दगड तिने गोंदियाजवळ पांगोलीच्या काठी पाहिला होता. पूररेषेचा दगड. त्याच्या खाली नदीचं राज्य, तिथं बांधकामाला सरकारची परवानगी नाही. म्हणजे बंटीच्या नकाशातलं गोडाऊन सगळंच्या सगळं नदीच्या ताटात वाढलेलं होतं, आणि अर्ध्याहून जास्त प्लॉट त्या रेषेच्या खाली.

प्रेमिलाने वळून रस्त्याकडे पाहिलं. परत जावं, तर चैतराम गेलेला. आणि दिवा लागेपर्यंत बसायचं तर ठरलेलंच. तिने दगडापाशी चटई टाकली, छत्री उघडली, तांब्या बाजूला ठेवला आणि माळ हातात घेतली.

पहिली आली ती एक म्हातारी. काठी टेकत, रस्त्यापलीकडच्या कौलारू घरातून थेट.

“कोन वो बाई तू? अठी कायले बसलीस?”

प्रेमिलाने हात जोडले.

“कोन्या गावची?”

प्रेमिला हसली.

“मायबाई! मुकी हाये बिचारी.” म्हातारीने मोठा उसासा टाकला आणि चटईच्या कोपऱ्यावर ऐसपैस बसकण मारली. “मी लीलाबाई. ही जागा माझी होय. बस, बस. तुले कोन उठवते?”

ऐकणारं माणूस मिळालं की म्हाताऱ्या माणसाला दुसरं काय हवं असतं? त्यातही मधे न बोलणारं. लीलाबाईंनी पानाचा डबा काढला आणि सुरू झाल्या. त्यांचे मालक सेवकराम आता नव्हते. मुलगा रायपूरला, तिकडेच ये म्हणतो. “मी नाई जात. तठी लिफ्ट हाये म्हने. मले कायले पायजे लिफ्ट, मी का गठ्ठा होय?” पण गुडघे गेले, जागा सांभाळणं होत नाही, म्हणून विकायची.

“हा निळा दगड पायलास? सायबांनी गाडला. तेच्या आधी तं आमाले दगडाची गरजच नोती. महापुरात पानी या जागेच्याही हातभर वर चढलं. खालच्या वस्तीतले लोक छपरावर चढले होते. पर त्या बोरीले नाही शिवलं. एकदाबी नाही. माझा बुढा म्हने, बोरीच्या वरचं आपलं, खालचं नदीचं. नदी ते आपल्याले आठ महिने वापराले देते.”

माळ फिरवता फिरवता प्रेमिलाचं बोट एका मण्यावर थांबलं.

“खाली मंडई भरते दिवाळीनंतर, गावची जत्रा. रातभर नाटक. भुजल्याही अठूनच नदीवर जातात, गव्हाचे कोंब टोपल्यात घेऊन साऱ्या गावच्या पोरी. मी त्या बंट्याले साफ सांगतलं, खालचं मैदान मोकळं ठेवनारा गिराईक पाहा. तो म्हनते, हो हो आजी. तेचं हो हो मले ऐकू येते, पर पुढं पोचते कुठं?”

नाही पोचलं आजी, प्रेमिला मनात म्हणाली.

लीलाबाई भात टाकायला उठून गेल्या आणि थोड्या वेळाने मोटारसायकलवरून बकाराम आला. पिपरटोल्याच्या मंडई कमिटीचा हा अध्यक्ष. दरवर्षी नाटकात खलनायकाचं काम करायचा, आणि त्या भूमिकेचा आवाज वर्षभर वापरायचा. त्याने गाडी थांबवली. छत्री पाहिली, माळ पाहिली, डबा-शिदोरी काही नाही हे पाहिलं.

“ताई, कोण आपण?”

हात जोडले.

“जेवल्या का?”

हसू.

बकारामने एकदा निळ्या दगडाकडे पाहिलं, एकदा मैदानाकडे, आणि त्याच्या चेहऱ्यावर नाटकाच्या तिसऱ्या अंकातला उजेड पडला. महिनाभरापासून गावात कुजबुज होती की गोंदियाची कोणी पार्टी ही जागा घेऊन भिंत घालणार, मंडई बंद होणार. काहीतरी केलं पाहिजे असं बकाराम रोज पानठेल्यावर म्हणत होता. आणि आज इथं एक बाई, उपाशी, अबोल, बरोबर रेषेच्या दगडाशी.

“समजलो, ताई,” तो छातीवर हात ठेवून म्हणाला. “आमी गावचे असून झोपलो, आन् तुमी बाहेरच्या असून उपोषनाले बसल्या!”

प्रेमिलाचे डोळे मोठे झाले. तो त्याला निर्धार समजला.

पुढचं सगळं इतक्या झपाट्याने झालं की थांबवायला बोलता येत असतं तरी थांबवता आलं नसतं. दोघातिघांनी चार बांबू आणून वर ताडपत्री बांधली. मागे बॅनर लागला, “मंडईचे मैदान वाचवा”. तो गेल्या वर्षीच्या नाटकाच्या बॅनरच्या पाठीवर लिहिलेला होता, त्यामुळे ऊन पडलं की “मैदान” या अक्षरांतून नायकाची मिशी दिसायची. रोवण्यावरून परतणाऱ्या बाया चिखलाच्या पायांनी येऊन बसल्या. कुणी तिच्या गळ्यात झेंडूची माळ घातली.

भूक अशी फार नव्हती, पण उपासाला केळं चालतं म्हणून प्रेमिलाने दुपारी पिशवीतून एक केळं काढलं. बकारामने ते अलगद तिच्या हातातून काढून घेतलं.

“धीर सोडू नका, ताई. लोक पाहून राहिले.”

सरपंच अल्काताई पंचायतीतून लगबगीने आल्या. तरुण, चुणचुणीत. त्यांनी विचारलं, “ताई, तुमच्या मागण्या काय आहेत? लेखी द्या, मी वर पाठवते.” हात जोडले. “कोणत्या संघटनेच्या?” हसू. अल्काताई थोड्या खजील झाल्या. “बरं, सरपंच म्हणून विनंती आहे, पाणी तरी घ्या.”

प्रेमिलाने आपल्या तांब्यातलं पाणी घटाघटा प्यायलं. गर्दीतून हलका सुस्कारा निघाला.

“पानी घेते म्हंजे साधं उपोषन होय,” मागून कुणीतरी म्हणालं. “कडक नाही.”

“तुले कडक पायजे असन तं तू बस ना गा!”

लोक हसले. प्रेमिलाही हसली, पण तिने नजर खाली वळवली. आतापर्यंत तिला वाटत होतं, मौन म्हणजे निर्मळ. न बोलणाऱ्याच्या तोंडून खोटं कसं निघेल? आणि इथं तर तिच्या न बोलण्यानेच साऱ्या गावाची फसवणूक होत होती. ही माणसं ज्या पार्टीला शिव्या घालत होती, तिच्याच डोक्यावर सावली धरून बसली होती. मौन मोडावं का? तिने डोळे मिटले. मोडलं तर नेम गेला. नाही मोडलं तर यांचा विश्वास गेला. आणि बोलल्यावर जागा तर जाणारच. एवढ्या लोकांना दुखवून इथं भट्टी पेटवणार कोण?

पण इथं बसल्यापासून ती जागा तिच्या डोळ्यांत भरली होती. बोरीच्या वर, रस्त्याला लागून, उंच ओट्यावर भट्टी. तिला तेवढी जमीन पुरेशी होती. आणि खालचं मैदान! पावसाळ्यात नदीचं, आणि ऊन पडलं की उकडलेल्या धानाची सोन्यासारखी चादर. वाळवणाला ना भिंत लागते, ना परवानगी. नदी जे आठ महिने देते तेच तर तिला हवं होतं. असं मैदान गोंदियात नवस बोलूनही मिळालं नसतं.

महादेवा, तिने मनात सांगितलं, दिवा लागला की पहिलं खरं ते बोलीन. मग जागा जाईना का.

आणि ती स्वस्थ झाली. माळ पुन्हा फिरू लागली.

ऊन कललं तसा बंटी आला. अल्काताईंनी फोन केला होता की तुमच्या प्लॉटवर आंदोलन सुरू आहे. गाडीतून उतरताच त्याने गॉगल डोळ्यांवर घेतला. बकारामने घोषणा दिली, बायांनी साथ दिली. बंटीने दोन्ही हात वर करून सगळ्यांना शांत केलं आणि प्रेमिलाच्या शेजारी उकिडवा बसला. त्याने तिला कधी पाहिलंच नव्हतं. त्याचे व्यवहार सगळे चैतरामशी.

“दीदी,” तो कानाशी लागून म्हणाला, “क्या चाहिए, खुलके बोलो. मैं सब सेट कर देता हूँ. पार्टी एकदम सीधी आहे. नवरा टेम्पोवाला, तो जागेवर उतरलासुद्धा नाही. आणि बाई तर फारच देवभोळी आहे म्हणे. तिला सांगितलं ना की ईशान्येला पाणी आहे, लक्ष्मी येते, की झालं! निळ्या दगडाचं विचारलं तर सांगणार, नीला रंग शुभ होता है.”

प्रेमिलाला हसू आवरेना. तिने पदर तोंडाला लावला.

“रोताय कशाला, दीदी?” बंटी घाबरला.

एवढ्यात रस्त्यावर टेम्पो थांबला. चैतराम उतरला आणि तिथंच खांबासारखा उभा राहिला. ताडपत्री, बॅनर, मिशी, शे-दीडशे माणसं, आणि मधोमध झेंडूची माळ घालून त्याची बायको. त्याने आकाशाकडे पाहिलं. उजेड अजून होता, म्हणजे ही अजून बोलणार नाही. तेव्हा त्यानेही तोंड मिटून घेतलं. एवढं तो तिच्या संसारात शिकला होता.

“तुमी कोन?” शेजारच्याने विचारलं.

“मी... टेम्पोवाला.”

“मग या ना बसा. त्या गोंदियाच्या पार्टीच्या नावानं बोंब मारू.”

“मारा,” चैतराम म्हणाला आणि मागे बसला.

दिवस मावळला. लीलाबाई काठी टेकत आल्या, दुसऱ्या हाताच्या आडोशाने दिवा सांभाळत. श्रावणात सोमवारी त्या नदीसाठी दिवा ठेवायच्या. हल्ली गुडघ्यांमुळे पाण्यापर्यंत जाणं होत नव्हतं, म्हणून या दगडापाशीच. दिवा टेकला, वात स्थिर झाली. प्रेमिलाने नमस्कार केला, तांब्यातल्या पाण्याने ओठ ओले केले आणि दिवसभरात पहिल्यांदा तोंड उघडलं.

“बंटीभाऊ,” ती म्हणाली, “ती देवभोळी बाई मीच.”

आवाज नेहमीसारखाच हळू होता. पण तो शे-दीडशे माणसांच्या मागच्या रांगेपर्यंत पोचला. बंटीने गॉगल काढला.

“आँ?”

“मुकी नोहे!” लीलाबाई किंचाळल्या. “आन् मी तिले माझ्या सुनेचंबी सारं सांगून बसली!”

“मी प्रेमिला, गोंदियाची,” तिने हात जोडले. “जागा घेणारी पार्टी म्हणजे आम्हीच. ते मागे बसले ते माझे मालक. मी उपोषणाला नाही बसले. सोमवारचा उपास आणि मौन होतं. सासूबाईंनी सांगितलं होतं, जागा घेण्याआधी दिवसभर तिथं बसून पाहा. तुम्ही सगळे मला वेगळीच समजत होता आणि मला सांगता येत नव्हतं. चूक माझी. माफ करा.”

सगळ्यांच्या माना चैतरामकडे वळल्या. त्याने हात वर केला. “टेम्पोही माझाच होय,” तो म्हणाला.

बकाराम बसल्या जागी लाल झाला. “म्हंजे आमी दिवसभर इकत घेनारीच्याच डोक्यावर ताडपत्री धरली? आन् केळं... केळं तं उपासाचंच होतं!”

पहिल्यांदा हसली ती चिखलाच्या पायांची एक रोवणारी बाई. मग तिच्या शेजारची. मग हसू पाण्यासारखं पसरत गेलं आणि अल्काताईसुद्धा पदरात तोंड लपवून हसू लागल्या. पण बकाराम हसला नाही. तो उभा राहिला आणि खलनायकाचा नव्हे, आपल्या स्वतःच्या आवाजात म्हणाला, “ते ठीक. पर मैदानाचं का?”

तोच प्रश्न होता. सगळ्यांनी प्रेमिलाकडे पाहिलं.

“या दगडाच्या खाली मला बांधता येत नाही,” प्रेमिला म्हणाली. “सरकारचा नियम आहे. पण नियम नसता तरी आता बांधलं नसतं. दगडाच्या वरही बोरीपर्यंत मी काही उभारणार नाही, आजींनी पाणी कुठवर आलं ते सांगितलं आहे. माझी भट्टी बोरीच्या वर, रस्त्याकडे. खाली मी हिवाळा-उन्हाळा धान वाळवीन. मंडईच्या वेळी वाळवण उचलून घेईन, मैदान झाडून देईन. भिंत नाही, तार नाही. हे चालत असेल तर जागा द्या. नाही तर मी माळ काढून ठेवते आणि घरी जाते.”

“आन् मंडईत मुरमुरे कोनाचे?” कुणीतरी ओरडलं.

“गरम मिळतील,” चैतराम मागून म्हणाला. आता त्याला कंठ फुटला होता.

लीलाबाईंनी काठी जमिनीवर आपटली. “जागा माझी होय का बकारामची? मी देते. बंट्या, ऐक. बोरीच्या वरचा भाव प्लॉटचा, खालचा भाव वावराचा. समजलं?”

“आजी, मेरा तो...” बंटीने सुरुवात केली, आजूबाजूला पाहिलं आणि म्हणाला, “हो हो, आजी.” या वेळी ते पुढे पोचलं, कारण पुढे पोचायला दीडशे माणसं उभी होती.

“पर एक गोष्ट हाये,” लीलाबाई आता हळू बोलत होत्या. “भुजल्यांच्या दिवशी पोरी टोपल्या घेऊन नदीत उतरतात. पानी गढूळ, पाय कुठं टेकते समजत नाही. म्हनून जागेच्या मालकानं उजाडताच पानी पाहून बांबू रोवाचा, लाल कपडा बांधून. बांबूच्या पुढं कोनी जात नाही. माझ्या बुढ्यानं सारी जिनगी रोवला, तेच्यामागं मी. अवंदा माझ्यानं होत नाही. या बंट्याले तं मी नदीच्या जवळबी नाही जाऊ देनार.”

“मी रोवीन,” प्रेमिला म्हणाली.

“रजिस्ट्री तं दसऱ्याले होईन. जागा अजून तुझी नाही.”

“नसू द्या.”

त्या रात्री उपास सुटला तो लीलाबाईंच्या चुलीपाशी, गरम भात आणि तरोट्याच्या भाजीवर. बकारामने केळं परत आणून दिलं होतं. नीट पुसून.

राखीचा दिवस आला. प्रेमिलाने भावाला राखी बांधली, संध्याकाळच्या बसने पिपरटोल्याला आली आणि लीलाबाईंकडेच मुक्काम केला. सकाळी भुजल्या. गावात घरोघरी अंधाऱ्या कोपऱ्यात टोपल्यांमध्ये रुजवलेले गव्हाचे पिवळे कोवळे अंकुर वाट पाहत होते. नऊ-दहा वाजले की पोरी नव्या फ्रॉकमध्ये, टोपल्या डोक्यावर घेऊन, गाणी म्हणत निघतील.

अजून उजाडत होतं. लीलाबाई घोरत होत्या. प्रेमिलाने अंघोळ केली, अंगणातल्या तुळशीला पाणी घातलं, हात जोडले. दाराशी सेवकरामांचा बांबू टेकून ठेवलेला होता, टोकाशी कितीतरी वर्षांच्या गाठींचे वळ. तिने पिशवीतून लाल कपडा काढला. सुलोचनाबाईंच्या लुगड्याचा पदर होता तो, जपून ठेवलेला. तिने तो बांबूच्या टोकाला दोन गाठी मारून बांधला आणि ओढून पाहिला.

रस्ता ओलांडला. बोर मागे पडली, निळा दगड मागे पडला. नदी दोन दिवसांच्या पावसाने जरा वर आली होती. प्रेमिलाने चपला दगडापाशी काढून ठेवल्या, साडी गुडघ्यापर्यंत खोचली आणि बांबूने पुढची ओली जमीन चाचपत ती सावकाश पाण्याकडे उतरू लागली.